उसनी झोप

पोलीस ठाण्यांत जांभई देणं बंद झालं, त्याला आता चार वर्षं होत आली. तसा कुठे हुकूम निघाला नव्हता. माणसंच जांभई गिळायला शिकली. कोणी तोंडात लवंग धरायचं, कोणी मुद्देमालाच्या खोलीमागे जाऊन तोंड उघडून यायचं आणि परतताना इकडेतिकडे बघत ओठ पुसायचं.

कौसल्या वाघचौरेला हे सगळं मुलीकडून कळायचं. ती स्वतः तीन वर्षांपूर्वी सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाली होती आणि तिच्या उमेदीच्या काळातलं ठाणं तिला लख्ख आठवत होतं. तेव्हा बंदोबस्तावरून परतलेला शिपाई टोपी टेबलावर टाकायचा, पट्टा सैल करायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "मेलो रे बाबांनो!" आतून कोणीतरी ओरडायचं, "मरण्याआधी डायरीत नोंद कर, मागनं आम्हाला त्रास नको!" मग तोच शिपाई बाकावर आडवा व्हायचा आणि तोंडावर वर्तमानपत्र घेऊन घोरू लागायचा. फिर्याद द्यायला आलेली बाईसुद्धा जरा हळू आवाजात बोलायची.

आता कोणी दमलो म्हणत नव्हतं. दमलेलं कोण आणि ताजं कोण, हे कानामागची चकती सांगायची. रुपयाएवढी, कातडीच्या रंगाची ती चकती हजेरीला चिकटवायची आणि ड्युटी संपली की काढायची. तिचा आकडा ठाण्याच्या भिंतीवरच्या पडद्यावर नावासमोर उमटायचा. साठच्या वर हिरवा, खाली लाल. या व्यवस्थेचं नाव होतं 'सजग'. रात्रपाळी, मग दोन तास निद्राकक्षात विश्रांती, मग पुन्हा दिवसाचा बंदोबस्त, असं वेळापत्रक 'सजग'नं राज्यभर लावून दिलं होतं. दोन तासांत पोलीस माणूस पूर्ववत होतो, हे संशोधनानं सिद्ध झालं होतं ना!

रोहिणी, कौसल्याची एकुलती एक मुलगी, चार वर्षांपासून शिपाई होती आणि गस्तीची गाडी चालवायची. एका दुपारी ती घरी आली आणि कणीक मळायला बसली. कौसल्या शेंगदाणे भाजत होती. पाठीमागे काहीच आवाज येईना म्हणून तिनं वळून पाहिलं, तर रोहिणी परातीत दोन्ही हात तसेच ठेवून, मान ताठ ठेवून झोपली होती.

"रोहे."

"जागीच आहे मी!" ती दचकून म्हणाली. मग कणकेकडे बघत हळूच बोलली, "आई, माझ्यातच काहीतरी खोट आहे. सगळ्यांना दोन तास पुरतात. मला पुरत नाहीत. आकडा येतो ब्याऐंशी आणि मला समोरचा सिग्नल दोन-दोन दिसतो. सांगू कोणाला? लाज वाटते."

"डॉक्टरांना दाखवू," कौसल्या म्हणाली.

शेंगदाणे करपले होते. तिनं ते खाली उतरवले, आणि त्याहून जास्त काही बोलली नाही. बोलण्यासारखं तिच्याकडे पुष्कळ होतं.

*

सात वर्षांपूर्वी कौसल्या जुनी पेठ ठाण्यात हजेरी मेजर होती. ठाण्यातल्या कोणी कोणत्या दिवशी कुठे उभं राहायचं, कोणाला साप्ताहिक सुट्टी द्यायची आणि कोणाची रद्द करायची, हे ज्याच्या वहीत लिहिलेलं असतं, तो हजेरी मेजर. निरीक्षक बदलतात, मेजरची वही तिथेच राहते. माणसं साहेबांना सलाम करायची आणि रजेसाठी मेजरच्या टेबलाशी येऊन घुटमळायची. कौसल्या शिसपेन्सिलीनं ड्युट्या लिहायची, कारण घास तोंडात असतानाच कोणाची तरी सासू आजारी पडलेली असायची आणि खोडावं लागायचं.

तेव्हा केतकी नाबर आली. सत्तावीस वर्षांची, किडकिडीत, खांद्याला मोठी पिशवी, आणि पिशवीत चाळीस कडी. पीएच.डी. करत होती. पाळीत काम करणाऱ्या पोलिसांचा थकवा आणि त्याचं नियोजन, असा तिचा विषय. तिनं हजेरीला सगळ्यांसमोर उभं राहून समजावून सांगितलं. आवाज कापत होता, पण बोलणं स्वच्छ होतं.

"आपण जागे असतो तेव्हा मेंदूत अडेनोसिन नावाचं एक द्रव्य साठत जातं. चुलीत राख साठते तसं. ते जितकं साठेल तितकी डोळ्यांवर झापड येते. झोपलो की ती राख उपसली जाते. आतापर्यंत ती मोजायची तर सुई टोचावी लागायची. आता घामातून तिचा माग लागतो. आणि दुसरी गोष्ट, हृदयाची. ताज्या माणसाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर सतत थोडं कमीजास्त होत असतं. माणूस दमला की ते एकसुरी होतं. हे कडं दोन्ही गोष्टी मोजतं. सहा महिने तुम्ही ते मनगटावर घालायचं. तुम्हाला खरी विश्रांती किती लागते, ते मी आकड्यांत मांडणार. मग तुमचं म्हणणं कोणाला नाकारता येणार नाही."

मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "मॅडम, बायकोला पण एक द्या. तिला वाटतं मी बाहेर झोपाच काढतो." सगळे हसले. केतकीही हसली.

चुकलं ते त्यानंतर. केतकी गेल्यावर निरीक्षक इनामदारांनी हजेरी सोडली नाही. "त्या पोरीला वरून परवानगी आहे, कडी घाला. नावं ती छापणार नाही म्हणते. पण आकडे आपल्या पडद्यावर पण दिसणार आहेत. माझ्या ठाण्यात ज्याचा आकडा लाल येईल, तो नोकरीला नालायक समजून मी त्याला मुख्यालयात शस्त्रागाराच्या पहाऱ्याला पाठवीन. कळलं?"

मुख्यालय नव्वद किलोमीटरवर. पोरांच्या शाळा इथे, म्हातारे आईबाप इथे. दुसऱ्याच दिवशी सकाळी हवालदार भिकाजी साळुंखे मेजरच्या टेबलाशी आला. रात्रपाळी करून, जेमतेम दोन तास पडून त्याला मंत्र्यांच्या दौऱ्याला उभं राहायचं होतं. ड्युटी कौसल्यानंच लिहिली होती. माणसंच कमी होती, काय करणार.

"मेजर," तो खाली बघत म्हणाला, "एक्केचाळीसवर आलोय. लाल झालोय. तुम्ही घरी झोपून आलाय ना? तेवढं कडं दिवसभर तुमच्या हातात राहू द्या की. संध्याकाळी नेतो."

"येडा झालायस काय, भिका?"

"पोरीची दहावी आहे हो."

कौसल्यानं हात पुढे केला. ठाण्यात कोणाच्या जागी कोणी उभं राहणं ही चोरी कधीच नव्हती. लग्नाला जायचं तर ड्युटी बदलून घ्यायची, ताप आला तर शेजारच्यानं दोन तास जास्त उभं राहायचं, मेजरनं वहीत न बघितल्यासारखं करायचं. चाळीस वर्षं असंच चाललेलं. हेही तिला तसंच वाटलं. उसनी साखर द्यावी तशी तिनं आपली झोप दिली.

साळुंखेचा आकडा दहा वाजता चौऱ्याऐंशी झाला.

पुढच्या आठवड्यात चौघं आले. महिन्याअखेर अकरा झाले. रात्रपाळीनंतर दिवसाचा बंदोबस्त ज्यांना लागायचा ते सगळे. ठाण्यात रोज रात्री सात तास झोपणारी एकटी हजेरी मेजरच होती. कौसल्या चैत्रातसुद्धा पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून बसू लागली. सांधे धरलेत म्हणायची. आत दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत कडी. गस्तीवर असलेल्या माणसाचं कडं नुसतं खुर्चीत बसलेलं दिसू नये म्हणून ती तासातासाला आवारात चकरा मारायची. इनामदार साहेब खिडकीतून म्हणायचे, "वाघचौरे, वजन उतरवताय का?" आणि सगळं ठाणं कागदात तोंड घालून हसायचं.

केतकी रोज दुपारी तिच्या डब्यातली भाकरी खायला यायची. वसतिगृहाचं जेवण तिला सोसत नव्हतं. मेथीची भाजी बोटानं पुसून घेत ती सांगायची, "मावशी, काय येतंय माहीत आहे? मी घाबरत घाबरत बघते. रात्रभर जागलेली माणसं, दोन तास पडतात, आणि दिवसभर फुलासारखी ताजी! असं जगात कोणाचंच आलेलं नाही. माझे सर म्हणतात, वर्षानुवर्षं पाळी करून पोलिसांच्या शरीरानंच ही सवय लावून घेतली असणार. मोठा शोध आहे म्हणतात."

स्वेटरच्या आत अकरा कडी होती. कौसल्या म्हणाली, "अजून अर्धी भाकर घे."

तेव्हा बोलली असती तर अकरा माणसं मुख्यालयात गेली असती आणि एक पोर रडली असती. एवढंच नुकसान झालं असतं. तिनं नंतर हा हिशेब इतक्यांदा केला, की तो तिला पाठ झाला होता.

प्रबंध छापून आला, तेव्हा केतकी पेढे घेऊन आली. ऋणनिर्देशाच्या पानावर लिहिलं होतं, 'कौसल्या वाघचौरे यांच्याशिवाय हा प्रबंध उभाच राहिला नसता.' ठाण्यात ते वाचून दाखवलं गेलं. साळुंखे सोडून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साळुंखे कौसल्याकडे बघत होता आणि ती पेढ्याचा कागद सोडवत होती.

*

यंत्राला स्वतःचं ज्ञान काहीच नसतं. तापमापी पारा चढवून दाखवते, पण किती चढला म्हणजे ताप म्हणायचा, हे आधी कोणीतरी माणसांची अंगं चाचपून ठरवलेलं असतं. 'सजग'ची चकती घाम आणि ठोके मोजायची. पण कोणत्या मोजणीला ताजं म्हणायचं आणि विश्रांतीनंतर ते किती वेळात यावं, ही रेषा केतकीच्या प्रबंधातून उचललेली होती. त्या रेषेवर दोन तास पडून उठलेल्या पोलिसाला ताजाच धरायचं असं होतं. चकतीला उलट काही दिसलं तर तिनं त्याला मोजणीतली चूक समजून आकडा सावरून घ्यायचा. राज्यभरातले शिपाई एका बाईच्या सात तासांच्या झोपेवर उभे होते, आणि त्यांना ती झोप मिळालेली नव्हती.

कौसल्याला हे वेळापत्रक निघालं त्याच दिवशी कळलं होतं. ती तेव्हा नोकरीत होती. परिपत्रक तिनंच फलकावर लावलं, चार कोपऱ्यांना चार टाचण्या.

गेल्या वर्षी भिकाजी साळुंखे गेला. दुहेरी पाळी करून मोटरसायकलवर घरी येताना, भर दुपारी, रिकाम्या रस्त्यावर दुभाजकाला धडकला. आकडा होता एकोणऐंशी. तेराव्याला कौसल्या त्यांच्या स्वयंपाकघरात पुऱ्या लाटायला बसली होती. भिकाजीची बायको सुमन भिंतीला टेकून, डोळे कोरडे ठेवून सांगत होती, "मला म्हणायचे, सुमे, बाकीची पोरं ताजी असतात गं, मलाच झेपत नाही. माझाच जीव कमी पडतो. कामचुकार झालोय मी."

त्यालाही ठाऊक होतं की ती रेषा खोटी आहे. त्याचंच कडं होतं पहिलं. पण तीन वर्षं भिंतीवर रोज हिरवा आकडा बघून त्याचाही त्यावर विश्वास बसला होता. कौसल्या पुऱ्या लाटत राहिली. एकशे चाळीस पुऱ्या. एकही वाकडी झाली नाही.

*

रोहिणीचा अपघात साडेचारच्या उन्हात झाला. गस्तीची गाडी सरळ रस्ता सोडून उसाच्या रसाच्या गुऱ्हाळात घुसली. मालक विठ्ठल गायके चरकाखाली सापडला. मांडीचं हाड तीन ठिकाणी मोडलं. रोहिणीच्या कपाळाला चार टाके पडले. तिचा आकडा होता ब्याऐंशी.

ती निलंबित झाली. चौकशी अधिकाऱ्यांनी शांतपणे सांगितलं, की यंत्राप्रमाणे शिपाई पूर्ण ताजी होती. मग ही एक तर बेपर्वाई, नाहीतर मोबाईल, नाहीतर आणखी काही. बडतर्फी होईल. वर गुन्हाही नोंदवला जाईल.

रोहिणी वाद घालत नव्हती. ती रोज गायकेला भेटायला दवाखान्यात जायची आणि येऊन भिंतीकडे तोंड करून बसायची. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "मी कबुली लिहून देते, आई. मी झोपले. एवढी ताजी असून झोपले. अशा माणसानं वर्दी घालूच नये."

तेव्हा कौसल्यानं सांगितलं. उभं राहून सांगितलं, हजेरीत सांगतात तसं. स्वेटर, अकरा कडी, आवारातल्या चकरा, सगळं.

रोहिणीनं मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी तिनं विचारलं, "म्हणजे मी खरंच दमलेली होते?"

"हो."

तिच्या चेहऱ्यावर एक क्षण असं काही आलं, की कौसल्याला वाटलं, ही आता गळ्यात पडेल. पण रोहिणीच्या मनात दुसरी गोष्ट येऊन पोचली होती.

"साळुंखेकाका गेले, तेव्हा तुला माहीत होतं?"

"होतं."

"माझ्या तुकडीतली अर्चना, पाचव्या महिन्यात ड्युटीवर चक्कर येऊन पडली, बाळ गेलं. तिला सगळे म्हणाले, आकडा हिरवा होता, नाटकं करते. मी घरी येऊन सांगितलं होतं तुला. तेव्हा?"

कौसल्यानं होकारार्थी मान हलवली.

"तू तेराव्याला पुऱ्या लाटल्यास त्यांच्याकडे." रोहिणीचा आवाज चढला नव्हता. "आज मी अडकले म्हणून तुझं तोंड उघडलं. मी नसते तर?"

याचं उत्तर कौसल्याला माहीत होतं. दोघींनाही माहीत होतं. रोहिणीनं चपला घातल्या आणि ती दवाखान्यात गायकेपाशी जाऊन बसली. संध्याकाळी ती मैत्रिणीकडे राहायला गेली.

*

केतकी आता निद्रा संशोधन केंद्राची प्रमुख होती. केस पांढरे होऊ लागले होते. कौसल्याला बघून ती खुर्चीवरून उठून पुढे आली. "मावशी! किती दिवसांनी! डब्यात काय आणलंय?"

"आज डबा नाही, बाई. बस तू."

सांगून झाल्यावर केतकी बराच वेळ टेबलावरच्या पेनाचं टोपण लावत आणि काढत होती. मग तिनं कपाटातली एक जुनी तबकडी काढली, यंत्राला लावली आणि पडद्यावर अकरा रेषा आणल्या. प्रत्येकीवर क्रमांक होता आणि खाली, न छापलेलं, नाव. एका जागी बोट ठेवून ती म्हणाली, "हे बघा. अठरा एप्रिल, दुपारी एक वाजून सात मिनिटं. अकराही जणांचे ठोके एकाच सेकंदाला उसळलेत. शहरात अकरा वेगवेगळ्या ठिकाणी उभे असलेले अकरा जण."

कौसल्या पडद्याकडे बघत राहिली. "मिरचीचा ठसका असेल. तू ठेचा आणला होतास त्या दिवशी, गावाकडचा."

"मी तळटीप दिली आहे," केतकी म्हणाली. "'नगरपालिकेच्या भोंग्याचा परिणाम असावा.'"

"भोंगा तर केव्हाचाच बंद पडला होता."

"मला माहीत होतं, बंद आहे ते." केतकीनं टोपण खाली ठेवलं. "सर निवृत्त होणार होते. प्रबंध तीन आठवड्यांत द्यायचा होता. मी तुमच्यासमोर बसून भाकरी खात होते, मावशी. तुमचा स्वेटर मला दिसत नव्हता असं वाटतं तुम्हाला? एप्रिलमध्ये? मला फक्त विचारायचं होतं. मी विचारलं नाही. मग पुढे विचारायची गरजच पडली नाही, लोक हार घालायला लागले."

एकमेकींकडे बघणं दोघींनाही जमेना.

शेवटी केतकी म्हणाली, "नुसत्या तुमच्या सांगण्यावर ते मानणार नाहीत. प्रत्येकाच्या हृदयाची चाल वेगळी असते. दुसऱ्याची कधीच तंतोतंत जुळत नाही. हात द्या."

तिनं कौसल्याच्या मनगटावर कडं चढवलं. चाळीस मिनिटं कौसल्या खुर्चीत बसून राहिली. मग केतकीनं नवी रेषा जुन्या रेषांवर सरकवली. पहिल्या रेषेखाली लिहिलं होतं, साळुंखे भि. ज. दोन्ही रेषा एकमेकींत मिसळून गेल्या. दुसरी. तिसरी. अकराही. अकरा पुरुषांची नावं आणि त्यांच्या छातीत कौसल्या. तिनं डोळे मिटून घेतले. बँकेच्या कागदावर खोटी सही केलेल्या माणसांना तिनं आयुष्यभर कोठडीपर्यंत नेलं होतं. त्यांचे चेहरे असेच व्हायचे, कागद समोर ठेवला की.

"माझी पदवी जाईल," केतकी म्हणाली. "जाऊ दे. पत्र मी आज लिहिते. तुम्ही काय करणार?"

"जबाब देईन, चौकशीत."

"बंद खोलीत? तीन साहेबांसमोर? ते फाइल बांधतील. रोहिणी सुटेल. पोरापोरींना कोण सांगेल?"

कौसल्याला हे सुचलेलं होतं. त्याचीच तिला भीती वाटत होती.

*

केतकीच्या पत्रानंतर सतरा दिवसांनी वरून आदेश आला. फेरतपासणी होईपर्यंत 'सजग'चे आकडे कोणाविरुद्ध वापरू नयेत. रोहिणीची चौकशी थांबली. कौसल्याचा जबाब घेतला गेला, तिच्याविरुद्ध काय कारवाई करायची, त्याचा विचार पुढे सुरू राहिला. दुहेरी पाळ्या मात्र चालूच होत्या. वेळापत्रक बदलायला माणसं हवीत आणि माणसं नव्हती.

कौसल्यानं जुनी पेठ ठाण्याच्या निरीक्षक मोहिते बाईंना हात जोडून विनंती केली. सकाळची हजेरी, पाच मिनिटं. मोहिते बाई तरुण होत्या. त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाल्या, "मी आदेश देत नाही. अडवतही नाही."

आठ वाजता आवारात पंचेचाळीस जण तीन रांगांत उभे होते. त्यांतले निम्मे रात्रपाळी करून आले होते आणि दहा वाजता पुन्हा बाहेर पडणार होते. कौसल्यानं साधी सुती साडी नेसली होती. पुष्कळशा चेहऱ्यांना ती ओळखत होती. मागे कोपऱ्यात, वर्दी न घालता, अर्चना उभी होती. फाटकाशी सुमन साळुंखे आली होती. तिला कौसल्यानंच घरी जाऊन सगळं सांगितलं होतं. सुमननं ऐकून दार लावून घेतलं होतं. आज ती का आली, हे कौसल्याला कळेना.

"मी कौसल्या वाघचौरे," ती म्हणाली. "इथे हजेरी मेजर होते. तुम्हाला दोन तासांची झोप पुरते, असं जे सांगितलं जातं, ती झोप माझी आहे. अकरा जणांची कडी मी घालून बसले होते. मी घरी सात तास झोपून यायचे. ते तुमच्या नावावर लागलं. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. वेळापत्रक मीच फलकावर लावलं. भिकाजी साळुंखे गेला तेव्हा मी बोलले नाही. अर्चनाचं बाळ गेलं तेव्हाही बोलले नाही. माझ्या पोरीवर आलं तेव्हा बोलले. मी माफी मागायला आलेले नाही. मागून मिळण्यासारखी नाही ती. तुमच्यात काही खोट नाही, एवढं सांगायला आले."

कुठेतरी दूर ट्रकचा हॉर्न वाजत होता.

पहिल्या रांगेतल्या एका शिपायानं, पंचविशीतला असेल, डोळे आत गेलेले, कोणाची परवानगी न घेता विचारलं, "मेजर, म्हणजे आम्ही खरंच दमलेलो असतो?"

"हो रे," कौसल्या म्हणाली. "खरंच."

त्या पोरानं मान हलवली. मग त्यानं काठी शेजारी ठेवली आणि तो जमिनीवर बसला. फतकल मारून, शेतात बसावं तसा. त्याच्या शेजारची बाई शिपाई बसली. मग तिच्या पलीकडचा. पहिली रांग बसली, दुसरी बसली. मागच्या रांगेतले दोन जुने हवालदार एकमेकांच्या खांद्याला धरून, गुडघ्यांचा आवाज करत खाली टेकले. मोहिते बाईंनी सावधानचा हुकूम द्यायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. पंचेचाळीस माणसं सकाळच्या उन्हात धुळीत बसली होती, आणि त्यांतल्या काहींच्या माना तिथेच पुढे झुकायला लागल्या होत्या.

कौसल्या त्यांच्यासमोर उभी होती. पायात गोळे आले होते. तिला कोणी बस म्हणालं नाही, आणि कोणी म्हणावं अशी तिची अपेक्षाही नव्हती. ऊन चढेपर्यंत ती तशीच उभी राहिली.